स्कॅन करताना नाही, स्कॅन झाल्यावर बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात स्टेशनरी-झेरॉक्सचं दुकान चालवणारे एक गृहस्थ विचारतात: "कोड स्कॅन केल्याबरोबर खातं रिकामं होतं असा फॉरवर्ड आईला आलाय आणि तिने भाजीवाल्याकडेही स्कॅन करणं सोडलंय. यात तथ्य किती? मालावरचे बारकोड वाचायला मी एक मोफत ॲप टाकलंय, ते ठेवू का? आणि काउंटरवरचा माझा क्यूआर कुणी बदलला तर मला कळणार कसं?"

मोबाईल ॲपची सुरक्षा तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे यातला पहिला प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही विचारला जातो. त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो: नुसतं स्कॅन केल्याने खात्यातून रुपयाही जात नाही. कॅमेरा कोडमधला मजकूर वाचतो, बस. पुढे काय होणार हे त्या मजकुरावर आणि तुम्ही काय दाबता त्यावर ठरतं. फॉरवर्डवाले हा मधला टप्पा गाळतात, आणि खरी फसवणूक नेमकी त्याच टप्प्यावर होते.

आधी बिस्किटाच्या पुड्यावरचा रेघांचा बारकोड घ्या. त्यात लिंक नसते, किंमत नसते, कंपनीचं नावही नसतं. असतो फक्त तेरा आकडी नंबर. समजा तो ८९०१२३४५६७८९० आहे. पहिले तीन आकडे, ८९०, म्हणजे हा नंबर जीएसवन इंडिया या संस्थेमार्फत घेतलेला आहे. (वस्तू भारतातच बनली असा त्याचा अर्थ होत नाही, व्हॉट्सॲपवर काहीही फिरो.) शेवटचा आकडा पडताळणीचा. पहिल्या बारा आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणा आणि बेरीज करा. इथे ती १३० येते. पुढच्या दहाच्या पटीला पोचायला जेवढे कमी पडतात तो शेवटचा आकडा. इथे काहीच कमी पडत नाही म्हणून शून्य. एखादी रेघ चुकीची वाचली गेली तर हे गणित फिसकटतं आणि मशीन बीप देत नाही. वाचनातली चूक त्यात सापडते, पण माल अस्सल की डुप्लिकेट हे त्यावरून कळत नाही. नाव आणि किंमत तुमच्याच बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून येते.

म्हणजे मालावरच्या या बारकोडपासून मोबाईलला धोका जवळजवळ नाहीच. काउंटरच्या कॉम्प्युटरला स्कॅनरची गन जोडलेली असेल तर मात्र थोडं जपा. कॉम्प्युटरच्या दृष्टीने ती गन म्हणजे कीबोर्ड असतो. रेघांच्याच काही प्रकारांत, उदाहरणार्थ कोड १२८ मध्ये, अक्षरांबरोबर कंट्रोलसारखी बटणंही भरता येतात. टेन्सेन्ट या चिनी कंपनीच्या सुरक्षा प्रयोगशाळेने २०१५ मध्ये असे बारकोड दाखवून कॉम्प्युटरला हव्या त्या आज्ञा देऊन दाखवल्या होत्या. गनच्या माहितीपुस्तिकेत नको असलेले प्रकार बंद करायचे कोड दिलेले असतात. तुम्हाला लागतात तेवढेच प्रकार चालू ठेवा.

चौकोनी क्यूआरचं प्रकरण निराळं आहे. जपानच्या डेन्सो वेव्हने १९९४ मध्ये तो मोटारीच्या सुट्या भागांचा माग ठेवायला काढला. कोड छापणारे आणि वाचणारे दोघेही कारखान्याच्या साखळीतलेच असत. छापणारा कोण, हे ओळखण्याची सोय त्यात नाही. आज तोच कोड रस्त्यावर, कुणीही छापावा आणि कुणीही वाचावा अशा थाटात वापरला जातो. एका कोडमध्ये ४,२९६ पर्यंत इंग्रजी अक्षरं आणि आकडे मावतात. फोन त्या मजकुराची सुरुवात बघतो. वेबपत्ता असेल तर ब्राउझर पुढे करतो, फोन नंबर असेल तर डायलर, वायफायची माहिती असेल तर जोडायचं का विचारतो, आणि सुरुवातीला यूपीआय असेल तर पेमेंटचं ॲप.

तुमच्या काउंटरवरचं स्टिकर फोनच्या साध्या स्कॅनरने मजकूर म्हणून उघडून बघा. एक लांबलचक ओळ दिसेल. आधी यूपीआय, मग पे, मग प्रश्नचिन्ह, आणि पुढे एकेक तुकडा. पीए या तुकड्यात पैसे जिथे जायचे तो यूपीआय आयडी असतो. पीएन मध्ये घेणाऱ्याचं नाव. एएम असेल तर रक्कम आधीच भरलेली. टीएन म्हणजे शेरा. यातला पीएन नीट लक्षात घ्या, कारण तो कोड बनवणाऱ्याने स्वतः टाइप केलेला असतो. कुठल्याही भुरट्याने स्वतःचा आयडी घालून पीएन मध्ये 'वीज बिल भरणा केंद्र' लिहिलं तरी कोड व्यवस्थित चालतो. म्हणूनच यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने सगळ्या यूपीआय ॲपना बजावलं की ३० जून २०२५ पासून बँकेच्या नोंदीतलं नावच दाखवायचं, क्यूआरमधून उचललेलं नाव चालणार नाही. थोडक्यात, पिन टाकण्याआधी पडद्यावर येणारं नाव आता भरवशाचं आहे. ते वाचायला दोन सेकंद लागतात आणि बहुतेक जण तेवढ्यात रक्कम टाइप करून पुढे गेलेले असतात.

आईंना दोनच गोष्टी सांगा: ते नाव मोठ्याने वाचायचं, आणि पैसे मिळवायला कधीही पिन लागत नाही. जुनं कपाट विकायला काढलं की हमखास एक गिऱ्हाईक येतं. भाव करत नाही, आर्मीत आहे म्हणतं, ॲडव्हान्स पाठवतो म्हणून एक कोड धाडतं. त्या कोडमध्ये एएम भरलेलं असतं आणि शेऱ्यात लिहिलेलं असतं 'रिसीव्ह'. शेरा काहीही असो, स्कॅन करून पिन टाकला की पैसे तुमच्याकडून जातात. एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे समोरच्याने ॲपवरून तुमच्याकडे पैसे मागायची सोय, बंद केली, त्यामुळे या भामट्यांचा एक रस्ता बंद झाला. कोडचा रस्ता उघडाच आहे, कारण तो बंद केला तर भाजीवालाही बंद पडेल.

इथे एक अपवाद नोंदवायला हवा. यूपीआय लाइट, म्हणजे ॲपमधलं छोट्या रकमांचं पाकीट, चालू असेल तर एका वेळी १,००० रुपयांपर्यंतचे पैसे पिनशिवाय जातात. अर्थात पे दाबावं लागतंच, पण 'पिन मागितला तरच सावध व्हायचं' हा नियम तिथे लागू पडत नाही. आईंच्या फोनवर लाइट आहे का बघा. असेल तर ठेवायला हरकत नाही, मात्र त्यात चार-पाचशेच्या वर भरू नका. शिवाय पेन्शनचं किंवा ठेवींचं खातं यूपीआयला जोडण्यापेक्षा एखादं छोटं बचत खातं जोडा. माझ्या मते आईंच्या बाबतीत याहून मोठं संरक्षण दुसरं कुठलंच नाही.

आता तुमचा काउंटर. ही भीती काल्पनिक नाही. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या खजुराहोत एका रात्रीत पेट्रोल पंप आणि काही दुकानांबाहेरचे क्यूआर बदलल्याचं उघडकीला आलं. मूळ स्टिकरवर दुसरं स्टिकर चिकटवलं होतं, बाकी काही नाही. संगणकाचं ज्ञान शून्य असलं तरी जमेल असं हे काम आहे. प्रकार लक्षात आला तो स्कॅन केल्यावर भलतंच नाव दिसू लागल्यामुळे.

गोची अशी की बँकेच्या नोंदीतलं नाव ग्राहकाला दिसलं तरी ते बरोबर की चूक हे त्याला कसं कळणार? पाटीवर 'गणेश स्टेशनरी' आणि खातं तुमच्या वैयक्तिक नावावर, हा आपल्याकडचा सर्रास प्रकार. त्यामुळे पडद्यावर कुणा माणसाचं नाव आलं की ग्राहक 'मालकाचं असेल' म्हणून पुढे जातो. चोराचं सगळं यश याच एका समजुतीवर उभं आहे. शक्य असेल तर दुकानाच्या नावाने चालू खातं काढून क्यूआर त्याचा लावा. ते नसेल तर कोडच्या वर मार्करने ठळक लिहा: 'स्कॅन केल्यावर अमुक नाव येईल. दुसरं आलं तर पैसे टाकू नका, आम्हाला सांगा.' ही पाटी मी फार थोड्या दुकानांत बघितली आहे. खर्च काहीच नाही.

स्टिकर शटरवर किंवा बाहेरच्या खांबावर नको. काचेच्या आतून लावा किंवा काउंटरच्या काचेखाली सरकवा, म्हणजे वरून दुसरं चिकटवलं तर उंचवटा हाताला लागेल. तीन-तीन ॲपची तीन स्टिकरं लावली असतील तर दोन काढा. कुठल्याही यूपीआय ॲपने कुठलाही यूपीआय क्यूआर वाचता येतो. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२० मध्ये प्रत्येक कंपनीने आपापला वेगळा कोड काढणं थांबवलं आणि सगळे कोड एकमेकांत चालतील असे करायला ३१ मार्च २०२२ ची मुदत दिली, ती याचसाठी. एकच स्टिकर असलं की तपासायलाही एकच. सकाळी शटर उघडलं की मुलाच्या फोनवरून ते स्कॅन करून नाव बघायचं आणि मागे यायचं. पैसे टाकायची गरज नाही.

आणि साउंडबॉक्स. तो तुमच्याच खात्याला बांधलेला असतो, दुसऱ्याच्या खात्यात गेलेले पैसे तो बोलत नाही. पण तो गप्प राहिला की आपण म्हणतो, 'रेंज नसेल, येईल नंतर.' गर्दीच्या वेळी, शाळा उघडायच्या आठवड्यात, हे वाक्य वीस वेळा म्हटलं जातं. एका ग्राहकाच्या वेळी साउंडबॉक्स गप्प राहिला तर नेटवर्कला दोष द्या. लागोपाठ दोघांच्या वेळी गप्प राहिला तर तिसऱ्याला थांबवून स्टिकर बघा. ग्राहकाच्या फोनवरची हिरवी टिकमार्क पुरावा म्हणून धरू नका. तसा पडदा दाखवणारी खोटी ॲपही असतात.

लिंकवाल्या कोडबद्दल बोललं पाहिजे, कारण खात्याची खरी साफसफाई त्यातून होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सायबर सुरक्षा केंद्राने लोकांना सावध केलं: घरोघरी टपालाने छापील पत्रं येत होती, वर हवामान खात्याचं नाव, आणि आत वादळाचा इशारा देणारं ॲप घ्या म्हणून एक क्यूआर. कोडवरून जे ॲप यायचं ते अँड्रॉइडवरचा कोपर नावाचा ट्रोजन होता, म्हणजे साळसूद ॲपचं सोंग घेऊन बँकिंग ॲपचे तपशील चोरणारा प्रोग्राम. कागदावर छापलेल्या गोष्टीवर माणूस मेसेजपेक्षा जास्त विश्वास ठेवतो, हे त्या मंडळींनी बरोबर हेरलं होतं. आपल्याकडे अजून असलाच माल ई-चलन आणि लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवरून एपीके फाइल (प्ले स्टोअरला वळसा घालून ॲप बसवणारी फाइल) म्हणून येतो. उद्या तो कोड होऊन सोसायटीच्या नोटीस बोर्डावर आला तर नवल नाही. त्यामुळे कोडवरून ॲप उतरवायचंच नाही. प्ले स्टोअर स्वतः उघडायचं आणि नाव शोधायचं.

लिंक उघडण्याआधी फोन वेबपत्ता दाखवतो. तो उजवीकडून वाचायची सवय लावा. पत्त्यातली पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा आणि तिच्या लगेच डावीकडचे शेवटचे दोन-तीन शब्द बघा. मालक तिथे कळतो. सुरुवातीला तुमच्या बँकेचं नाव आणि शेवटी 'केवायसी-अपडेट डॉट टॉप' असेल तर ती साइट कुणा केवायसी-अपडेटवाल्याची. सरकारी म्हणवणारा पत्ता 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' वर संपायला हवा. बांधकाम व्यवसायावर देखरेख करणाऱ्या महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून बांधकाम प्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर सक्तीचा केला. त्याच दिवसापासून औषधांच्या ठरावीक ३०० ब्रँडवरही कोड छापणं बंधनकारक झालं. दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत. पण कोड छापलाय एवढ्यावर फ्लॅट किंवा गोळी अस्सल ठरत नाही. कोडची नक्कल तुमच्या झेरॉक्स मशीनवरही निघते. तो कुठल्या पत्त्यावर नेतो आणि तिथली माहिती हातातल्या वस्तूशी जुळते का, हे बघावं लागतं.

पडद्यावर दिसणारा पत्ताही कधी कधी खोटा असू शकतो, हे मान्य केलं पाहिजे. २०१८ मध्ये आयफोनच्या कॅमेऱ्यात अशी त्रुटी सापडली होती की वर एका साइटचं नाव दिसायचं आणि उघडायची दुसरीच. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ॲपलने ती दुरुस्त केली. 'नुसत्या स्कॅनने काही होत नाही' हे माझं विधान अशा त्रुटी वगळून आहे, आणि त्यावर उपाय एकच: फोनचे अपडेट येतील तसे टाकत जाणं. ज्या फोनला कंपनी अपडेट देत नाही तो बँकेच्या कामाला वापरू नका.

तुम्ही व्हिजिटिंग कार्डं आणि पत्रिकाही छापत असणार, म्हणून हे जास्तीचं. फुकट क्यूआर बनवून देणाऱ्या अनेक साइट तुमचा पत्ता थेट कोडमध्ये घालत नाहीत. स्वतःचा पत्ता घालतात आणि तिथून ग्राहकाला तुमच्याकडे वळवतात. मुदत संपली की वळवणं बंद, किंवा मध्येच जाहिरात. २०१५ मध्ये जर्मनीत हाइन्झच्या केचपच्या बाटलीवरचा कोड स्कॅन केल्यावर अश्लील साइट उघडली होती. स्पर्धा संपल्यावर कंपनीने तो वेबपत्ता सोडून दिला, दुसऱ्याने तो घेतला, आणि बाटल्या मात्र अजून लोकांच्या घरात होत्या. एवढ्या मोठ्या कंपनीचं असं होतं, तर पाचशे कार्डं छापून नेणाऱ्या डॉक्टरांचं काय! ग्राहकाला स्टॅटिक कोड, म्हणजे ज्यात त्याचा स्वतःचाच पत्ता थेट आहे असा कोड, द्या आणि छपाईला टाकण्याआधी तो स्कॅन करून आत नेमका कुठला पत्ता आहे ते बघा.

बाकी दोन प्रकार पटकन सांगतो. व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस' मधून कुणाचाही कोड स्कॅन करायचा नाही, स्वतःच्या कॉम्प्युटरवर दिसतोय तेवढाच. दुसऱ्याने पाठवलेला स्कॅन केलात तर तुमचे मेसेज त्याच्या कॉम्प्युटरवर उघडतात. सिग्नल ॲपबाबत रशियाधार्जिण्या गटांनी हीच युक्ती वापरल्याचं गूगलने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं होतं. दुसरा प्रकार डायलरचा. रवीशंकर बोरगावकर या संशोधकाने २०१२ मध्ये दाखवलं होतं की क्यूआरमधून एक खास नंबर लावायला लावून काही सॅमसंग फोन पूर्ण कोरे करता येतात. ते छिद्र केव्हाच बुजलं. पण चांदणी आणि हॅशवाला नंबर डायल करवून कॉल दुसरीकडे वळवायची फसवणूक इतकी बोकाळली की दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून तसं कॉल फॉरवर्डिंग थांबवायला लावलं. कोड स्कॅन केल्यावर डायलरमध्ये चांदणी-हॅश दिसलं तर मागे या.

आता तुमचं मोफत ॲप. माझा सगळ्यात मोठा आक्षेप यालाच आहे, कोडला नव्हे. 'बारकोड स्कॅनर' नावाचं लॅव्हाबर्ड या कंपनीचं एक ॲप प्ले स्टोअरवर होतं, एक कोटीहून जास्त फोनांवर उतरवलेलं. वर्षानुवर्षं गुमान काम केलं. डिसेंबर २०२० च्या एका अपडेटनंतर लोकांचे ब्राउझर आपोआप उघडून जाहिराती दिसू लागल्या. लोकांनी नवीन टाकलेली ॲप काढून बघितली, काही उपयोग झाला नाही, कारण दोषी होतं ते जुनं, विश्वासातलं. मालवेअरबाइट्स या सुरक्षा कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये हे उघड केलं. ॲप दुसऱ्याला विकण्याच्या व्यवहारात हे घडलं, असं मूळ कंपनीचं म्हणणं होतं. गूगलने स्टोअरवरून ते काढलं, पण लोकांच्या फोनवर ते तसंच राहिलं. ज्याने त्याने आपल्या हाताने काढायचं होतं.

म्हणून क्यूआरसाठी वेगळं ॲप ठेवूच नका. आजच्या फोनांच्या कॅमेऱ्यातच ती सोय असते, अँड्रॉइडला वरून खाली ओढल्यावर येणाऱ्या बटणांतही बहुधा सापडते. मालाच्या नोंदीसाठी ॲप लागतच असेल तर फोनचं नेट बंद करा आणि बिस्किटाचा पुडा स्कॅन करा. नंबर वाचायला नेट लागत नाही. कॅमेरा आणि गणित पुरतं. नेटशिवाय ॲप अडून बसलं तर ते काहीतरी बाहेर पाठवतंय असं धरून चाला. मग सेटिंगमध्ये परवानग्या बघा. कॅमेरा ठीक आहे. यादी एक्सेलमध्ये काढायची असेल तर फाइल्सची परवानगीही समजू शकते. कॉन्टॅक्ट्स, एसएमएस किंवा ॲक्सेसिबिलिटी मागत असेल तर आजच काढून टाका. ॲक्सेसिबिलिटी मिळालेलं ॲप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण दुकान झेरॉक्सचं आहे. आधारवरच्या क्यूआरमध्ये नाव, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो असतो. त्यावर आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेची डिजिटल सही असते, म्हणजे त्यात फेरफार केला तर पकडला जातो, पण वाचायला मज्जाव नाही. खराब निघालेल्या आधारच्या प्रती रद्दीत जाऊ देऊ नका, कोडवरून फाडा. विमानाच्या बोर्डिंग पासचंही तसंच. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांनी २०२० मध्ये पासचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला आणि त्यावर छापलेल्या बुकिंग क्रमांकावरून एकाने त्यांचा पासपोर्ट नंबर काढून दाखवला. तोच क्रमांक पासवरच्या बारकोडमध्येही असतो, त्यामुळे छापील अक्षरं झाकून कोड उघडा ठेवणं फुकट आहे.

पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बँक, मग सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार. व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराला मिळणारा ओळख क्रमांक) हाताशी ठेवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळवले जातात, आणि ज्या खात्यात अजून पडून आहेत तिथेच ते गोठवता येतात, म्हणून तासाभराचाही फरक पडतो. पिन तुम्ही स्वतः टाकलेला असल्याने 'बँकेने भरून द्यावं' हा दावा सहसा टिकत नाही. स्टिकर बदललेलं सापडलं तर तक्रार तुम्हीही करा आणि ज्या ग्राहकांचे पैसे गेले त्यांनाही करायला सांगा, कारण खातं त्यांचं आणि यूटीआरही त्यांच्याकडेच. रागाच्या भरात ते वरचं स्टिकर फाडू नका. फोटो काढा, त्यावर कागद लावून ठेवा आणि पोलिसांना तसंच दाखवा. पैसे कुठे जात होते तो यूपीआय आयडी त्याच कोडमध्ये आहे.